सेवा केंद्रातील दोन संगणक आणि विंडोजचे अंगभूत संरक्षण: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस तालुक्यात, आठवडी बाजार भरणाऱ्या एका गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. दोन संगणक, एक प्रिंटर, एक स्कॅनर, बोटांचे ठसे घेणारे यंत्र आणि इन्व्हर्टर एवढाच आमचा पसारा आहे. गेल्या खरिपाच्या तोंडावर आमच्या विकतच्या ॲंटिव्हायरसची मुदत संपली, तेव्हा त्याचे नूतनीकरण न करता मी तो काढून टाकला आणि तो निघताच डिफेंडर हा विंडोजसोबतच येणारा ॲंटिव्हायरस आपोआप सुरू झाला. तेव्हापासून दोन्ही संगणक डिफेंडर आणि विंडोजची फायरवॉल (नेटवर्कवरून होणारी ये-जा तपासणारी भिंत) यांच्याच भरवशावर चालत आहेत. आमच्यासारख्या केंद्राला हे संरक्षण पुरते, असे माझे मत झाले आहे. त्याला खरा धोका आहे तो ते बंद करण्याचा सल्ला देणाऱ्यांचा.

जे फुकट ते कुचकामी, असा समज आपल्याकडे पक्का आहे आणि डिफेंडरच्या बाबतीत तो एके काळी फारसा चुकीचाही नव्हता. २००६ साली आलेला डिफेंडर केवळ हेरगिरी करणारी सॉफ्टवेअर शोधत असे. पूर्ण ॲंटिव्हायरस म्हणून तो २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत आला. फायरवॉलचेही तसेच आहे. विंडोज एक्सपीमध्ये ती २००१ पासून होती, पण मुळात बंद असायची. २००३ मध्ये ब्लास्टर नावाच्या वर्मने (नेटवर्कवरून आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रॅमने) जगभरातील संगणक हैराण केल्यानंतर, २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून ती आपोआप सुरू राहू लागली. आता जर्मनीतील एव्ही-टेस्ट या प्रयोगशाळेच्या चाचण्यांत डिफेंडरला अनेकदा पूर्ण गुण मिळतात. म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या अनुभवावर आजचे मत बनवण्यात अर्थ नाही.

आमच्या केंद्रात व्हायरस येतो तो बहुधा पेन ड्राइव्हमधून. परीक्षेचे अर्ज भरण्याच्या दिवसांत विद्यार्थी फोटो, सही आणि गुणपत्रिका पेन ड्राइव्हवर घेऊन येतात आणि तोच पेन ड्राइव्ह त्याआधी गावातल्या किती संगणकांना लागून आलेला असतो, हे कोणीच सांगू शकत नाही. अशाच एका मुलाचा पेन ड्राइव्ह लावला, तेव्हा आतल्या प्रत्येक फोल्डरच्या चिन्हावर छोटा बाण दिसत होता. म्हणजे ते फोल्डर नसून शॉर्टकट होते. त्यावर क्लिक करण्याआधीच पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात धोका सापडल्याची सूचना आली आणि ‘प्रोटेक्शन हिस्टरी’मध्ये त्या फायली क्वारंटाइन झाल्याची, म्हणजे वेगळ्या कोंडून ठेवल्याची, नोंद दिसली. त्यानंतर पेन ड्राइव्ह रिकामा दिसू लागल्यामुळे मुलगा घाबरला. त्याची कागदपत्रे गेली नव्हती, व्हायरसने ती फक्त लपवून ठेवली होती. डिफेंडर व्हायरस काढतो, परंतु लपवलेले फोल्डर पुन्हा उघडे करून देत नाही. त्यासाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘ॲट्रिब’ ही आज्ञा देऊन फायलींचे लपलेपण काढावे लागते. हे माहीत नसलेला माणूस ‘ॲंटिव्हायरसने माझा डेटा खाल्ला’ असेच म्हणेल, आणि मी तसे म्हणणारे पाहिले आहेत.

फायरवॉलविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक गैरसमज तिथेच आहेत. विंडोजची फायरवॉल बाहेरून आत येऊ पाहणारी, आपण न मागितलेली जोडणी अडवते; आतून बाहेर जाणारी मात्र मुळात अडवत नाही. शिवाय प्रत्येक नेटवर्कसाठी ती ‘पब्लिक’ की ‘प्रायव्हेट’ असा भेद करते. आमच्याकडे राउटर बदलल्यावर दुसऱ्या संगणकावरून प्रिंट निघेनाशी झाली. बोलावलेल्या दुरुस्तीवाल्याने पहिले वाक्य उच्चारले ते असे: “भाऊ, हे फायरवॉल अन् डिफेंडर बंद करून टाका, मंग पाहा कसं पयते कंप्युटर.” प्रत्यक्षात नवे नेटवर्क विंडोजने ‘पब्लिक’ धरले होते आणि त्या प्रकारात प्रिंटर व फायलींची वाटणी बंद असते. सेटिंग्जमध्ये जाऊन ते नेटवर्क ‘प्रायव्हेट’ केले आणि प्रिंट निघू लागली. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर किंवा बसस्थानकाच्या वायफायवर लॅपटॉप जोडताना मात्र ‘पब्लिक’च ठेवावे.

बोटांच्या ठशांच्या यंत्राबाबतही हाच सल्ला सर्रास दिला जातो. आधार पडताळणीसाठी लागणारी आरडी सर्व्हिस, म्हणजे ठशांचे यंत्र आणि संकेतस्थळ यांना जोडणारा प्रोग्रॅम, संगणकाच्या आतच, ११,१०० ते ११,१२० या क्रमांकांच्या पोर्टवर (प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलण्याच्या दारांवर) काम करते. ही देवाणघेवाण संगणकाच्या बाहेर जातच नाही, त्यामुळे फायरवॉल सहसा तिच्या आड येत नाही. यंत्र ओळखले जात नसेल, तर बहुधा सर्व्हिस थांबलेली असते, ड्रायव्हर जुना असतो किंवा केबल सैल झालेली असते. आमच्याकडे प्रत्येक वेळी यांपैकीच काहीतरी निघाले.

बंद करण्याच्या सल्ल्याचा सर्वात वाईट प्रकार म्हणजे क्रॅक केलेली सॉफ्टवेअर. विंडोज किंवा ऑफिस फुकटात ‘ॲक्टिव्हेट’ करून देणाऱ्या फायलींना डिफेंडर ‘हॅकटूल’ (परवाना चुकवण्याचे हत्यार) म्हणून पकडतो आणि ती फाईल देणारा सांगतो की, आधी डिफेंडर बंद करा, काम झाल्यावर पुन्हा चालू करा. ज्या संगणकावर लोकांचे आधार क्रमांक, बँक पासबुकाच्या प्रती आणि सातबारे दिवसभर उघडतात, त्यावर कुलूप काढून चोराला वस्तू आणायला सांगण्यासारखे हे आहे. ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ चालू असेल, तर दुसरे एखादे प्रोग्रॅम गुपचूप डिफेंडर बंद करू शकत नाही. परंतु माणसाने स्वतः बंद केले, तर त्याला इलाज नाही.

आता उणिवा. हार्ड डिस्क असलेल्या जुन्या संगणकावर पूर्ण स्कॅन सुरू झाले की काम रखडते. टास्क मॅनेजर उघडला, तर ‘ॲंटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ हे नाव सर्वात वर दिसते. पीकविम्याच्या शेवटच्या दिवसांत बाहेर शेतकऱ्यांची रांग असताना हे परवडत नाही. टास्क शेड्यूलरमधून स्कॅनची वेळ दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत नेली, कारण रात्री संगणक बंद असतो आणि पहाटेचा वीजपुरवठा बेभरवशाचा आहे. पुढे त्या संगणकात हार्ड डिस्कऐवजी एसएसडी ही वेगवान डिस्क बसवली, तेव्हा तक्रारच उरली नाही.

दुसरी उणीव इंटरनेटची. डिफेंडरचा मोठा आधार क्लाउडवरील, म्हणजे इंटरनेटवरून मायक्रोसॉफ्टच्या संगणकांवर होणाऱ्या, तपासणीचा आहे, त्यामुळे लाइन नसताना त्याची नजर तितकी तीक्ष्ण राहत नाही. केबल तुटून मोबाइल हॉटस्पॉटवर दिवस काढताना डेटा वाचावा म्हणून जोडणी ‘मीटर्ड’ (मोजून डेटा वापरणारी) केली की अद्यतनेही मागे पडतात. मी सकाळी केंद्र उघडल्यावर ‘प्रोटेक्शन अपडेट्स’मध्ये तारीख पाहतो आणि ती जुनी असेल तर हाताने अद्यतन करतो. ज्या संगणकाला नेटच नाही, त्याच्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर अद्यतनाची फाईल मिळते. ती शंभर एमबीहून मोठी असते, पण पेन ड्राइव्हने नेता येते.

रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे प्रोग्रॅम, रोखण्यासाठी असलेली ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ ही डिफेंडरची सोय मुळात बंद असते. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या रॅन्समवेअरने जगभरातील संगणकांवरील फायली कुलूपबंद केल्या होत्या, हे लक्षात ठेवून मी ती चालू केली. लगेच स्कॅनरचे सॉफ्टवेअर ‘डॉक्युमेंट्स’मध्ये फाईल साठवण्यास नकार देऊ लागले. त्याला परवानगीच्या यादीत घातल्यावर अडचण मिटली. त्रास थोडा आहे, पण सोय ठेवण्यासारखी आहे. अर्थात बॅकअपची जागा ती घेत नाही. आठवड्याचा डेटा वेगळ्या हार्ड डिस्कवर काढून ती डिस्क संगणकापासून सुटी ठेवावी लागते.

काही गोष्टी मात्र डिफेंडरच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. क्रोममध्ये चुकून एखाद्या संकेतस्थळाला ‘अलाऊ’ म्हटले की कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा’ अशा सूचना येऊ लागतात. तो व्हायरस नसतो, म्हणून डिफेंडर गप्प राहतो; ब्राउझरच्या सेटिंग्जमधील नोटिफिकेशनमध्ये जाऊन ती परवानगी काढावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक कधीच नसतो, हे मी टेबलावर कागद चिकटवून लिहून ठेवले आहे. तसेच व्हॉट्सॲपवर येणारी योजनांच्या नावाची एपीके फाईल (मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाईल) ग्राहकाच्या मोबाइलवर उघडते. तिथे आमच्या संगणकाचे संरक्षण काहीच करू शकत नाही.

राहिला प्रश्न जुन्या संगणकाचा. त्यावर विंडोज १० आहे आणि त्याचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अटीत बसत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरची अद्यतने ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे, परंतु विंडोजमधील सुरक्षेची भोके बुजवण्याचे काम डिफेंडर करत नाही. त्यामुळे बँकिंग आणि आधारची कामे मी नव्या संगणकावर हलवली असून, जुना सध्या टंकलेखन आणि छपाईपुरता वापरतो. सोयाबीनचा हंगाम आटोपला की तो बदलणार आहे.