कढीपत्त्यावरची अळी आणि सहा आठवडे: गंगापूर रोडवरच्या वसंत वर्गाचा अनुभव

ह्या वर्षी फाल्गुन-चैत्रात लेकीला लहान मुलांच्या निसर्ग आणि विज्ञान वर्गाला घातलं होतं, नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एका जुन्या बंगल्यात भरतो तो. सविस्तर लिहितेय कारण ॲडमिशनच्या आधी मी स्वतः शोधत होते तेव्हा "खूप छान", "टीचर्स मस्त" असले दोन-दोन शब्दांचेच रिव्ह्यू सापडले आणि त्यातून आपलं पोर तिथे नेमकं काय करणार हे काही कळेना. तर आधी कामाचं सांगते, वय ३ ते ६, एका बॅचला सोळा मुलं, दोन ताई आणि एक मावशी, सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठ ते अकरा, सहा आठवडे, फी ४८०० रुपये. माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे.

घालायचं कारण खरं सांगायचं तर तिच्या आधीच्या प्लेग्रुपचं एक वर्कशीट. "स्प्रिंग सीझन" म्हणून रंगवायला दिलेलं, त्यात ट्युलिप, बर्फ वितळतोय, लोकरीची टोपी घातलेली मुलगी. आणि आम्ही ते घेऊन घरी येत होतो तेव्हा रस्त्यात काटेसावर अशी फुललेली की एक पान नाही झाडावर, नुसती लाल फुलं आणि त्यावर साळुंक्यांचा कलकलाट. पोरगी वर बघतेय आणि हातात तो ट्युलिपचा कागद. मला फार लागलं ते. आपल्याकडे वसंत येतो तो असा येतो, पळस, पांगारा, आंब्याचा मोहोर, पिंपळाची तांबूस पालवी, पहाटे पाचपासून कोकीळ, आणि हे सगळं खिडकीबाहेर असताना मुलाने कागदावरचं परदेशातलं फूल का रंगवायचं?

पहिला आठवडा मला अजिबात आवडला नव्हता हेही सांगते. रोज घरी आली की फ्रॉकच्या खिशात पानं, बिया, एकदा तर गोगलगाईचा रिकामा शंख, आणि "आज काय शिकवलं गं?" विचारलं की "काही नाही, आम्ही बघितलं." पाच दिवस हेच उत्तर. सहा आठवड्यांतला एक आठवडा गेला आणि पोरगी नुसतं बघतेय, म्हणून मी सोमवारी जरा तावातावानेच ताईंकडे गेले. त्या शांतपणे म्हणाल्या, "आज ऑफिसला अर्धा तास उशीर चालेल का? मागे बसा, पण मध्ये काही सांगू नका मुलांना, बास."

बसले. अंगणाच्या भिंतीतून एक पिंपळ उगवलाय, भिंतीचं नुकसान होत असेल पण त्यांनी ठेवलाय. प्रत्येक मुलाने त्याच्या एकेका फांदीला आपल्या रंगाचा लोकरीचा धागा बांधलेला आणि सगळी आपापल्या धाग्याजवळचं पान बघत होती. एक मुलगा म्हणाला, ताई हे पान लाल का आहे? माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं, कसंबसं गिळलं. ताई म्हणाल्या, "शुक्रवारी कसं होतं रे?" तो म्हणाला, जास्त लाल. "मग आता?" त्याने पान उन्हात धरलं, उलटं केलं, बोटाने चोळलं, आणि एकदम ओरडला, "मागून हिरवं व्हायला लागलंय!" मग सगळी पोरं आपापलं पान उलटं करून बघायला लागली, माझी पण. ताईंनी तेव्हाही काही सांगितलं नाही. मला मात्र निघताना दारात सांगितलं की कोवळ्या पानात हरितद्रव्य कमी असतं आणि लाल रंगद्रव्य जास्त, पान जून होत जातं तसं हिरवं वर येतं, आणि हे मुलांना अजून आठ दिवसांनी सांगू, आधी त्यांना पूर्ण हिरवं झालेलं दिसू दे. त्या दिवसापासून मी तक्रार केली नाही.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी मी हा वर्ग कुणालाही सुचवीन. अंगणात एका कुंडीत कढीपत्ता आहे. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या कोवळ्या पानावर खसखशीच्या दाण्याएवढं फिकट पिवळं अंडं सापडलं, ते ताईंनी नाही दाखवलं, एका चिमुरड्याला दिसलं, कारण तोवर ह्यांना रोज एकच झाड बघायची सवय लागली होती. तीनेक दिवसांत त्यातून अळी आली, आणि ती दिसायला कशी, तर काळी-पांढरी, ओलसर, हुबेहूब पाखराची शी. मुलं ई ई करत मागे सरकली. ताईंनी विचारलं, "तुम्ही चिमणी असता तर हे खाल्लं असतं का?" सगळी एका सुरात नाही म्हणाली. "मग अळीचं काम झालं की नाही?" एवढंच. माझ्या मुलीने हे घरी येऊन मला, बाबाला, शेजारच्या काकूंना आणि फोनवर तिच्या आत्याला, चौघांना वेगवेगळं सांगितलं.

मग ती अळी कात टाकत टाकत हिरवीगार झाली, करंगळीएवढी जाड. एक दिवस मुलीने मला आत बोलावून दाखवलं, "आई, हळू हं, आता गंमत बघ," म्हणून गवताच्या काडीने तिला अगदी हलकं टेकवलं तर डोक्याच्या मागून दोन नारिंगी शिंगं बाहेर, ओली, चमकणारी, आणि कसला तो वास, लिंबाचं साल कुजल्यासारखा. दोन सेकंदात शिंगं परत आत. मी चाळीशीला आले, माझ्या माहेरी परसात कढीपत्ता, लिंबू सगळं होतं, आणि मी हे आयुष्यात पाहिलं नव्हतं. नियम असा की एका दिवसात एकदाच आणि एकानेच टेकवायचं, कारण तिला त्रास होतो, आणि पाळी कुणाची ते पोरंच लक्षात ठेवायची.

पुढे तिने स्वतःला रेशमाच्या एका बारीक दोऱ्याने काडीला बांधून घेतलं, विजेच्या खांबावर चढणारा माणूस कमरेला पट्टा बांधतो ना, अगदी तसं, आणि कोष झाला. दहा दिवस काही हालचाल नाही. भिंतीवर कॅलेंडर होतं, रोज एक टिकली लावायची. दहाव्या दिवशी कोषातून पंखांची नक्षी दिसायला लागली म्हणून ताईंनी त्याच रात्री ग्रुपवर टाकलं, उद्या जमल्यास लवकर आणा. आम्ही आठलाच पोचलो. साधारण नऊच्या सुमाराला कोषाला चीर पडली, आणि बाहेर आलं ते फुलपाखरू नव्हतंच, एक चुरगळलेलं ओलं चिंधीसारखं काहीतरी. माझी मुलगी रडायला लागली, "ते मोडलंय." ताईंनी तिला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, थांब, मदत करायची नाही, थांब. आणि खरंच, पंख हळूहळू ताणत गेले, शरीरातला द्रव पंखांच्या शिरांमध्ये भरत गेला तसे ते सपाट झाले, पिवळट ठिपके, मागच्या पंखावर एक लाल ठिपका. लिंबाचं फुलपाखरू. तासभर तसंच लटकून वाळत होतं. सोळा पोरं, त्यातली काही तीन वर्षांची, कुणी हलेना. मोबाईल काढायची मलाच लाज वाटली.

आणखी एक झालं, आणि वर्गाची खरी परीक्षा मला वाटतं तिथेच होती. दुसऱ्या एका कोषाचं काही खरं नव्हतं, तो काळपट पडला आणि एके दिवशी त्याला बारीक भोक पडून आतून डझनभर चिमुकले गांधीलमाशीसारखे किडे निघाले. दुसऱ्या एखाद्या वर्गात हा कोष मुलं यायच्या आत गुपचूप टाकून दिला असता, मी असते तर मीही टाकला असता. ह्यांनी ठेवला. सांगितलं की ह्या माशीची आई कोषात अंडी घालते आणि तिची पिल्लं तेच खाऊन वाढतात. एका मुलीने विचारलं, मग फुलपाखरू? ताई म्हणाल्या, "ते मेलं." सरळ, मऊ आवाजात, आणि मग बराच वेळ कुणी बोललं नाही, ताईंनीही ती शांतता तशीच राहू दिली. लेक त्या रात्री झोपताना मला म्हणाली, "माशीची पण आई होती ना." ह्यावर मी काय बोलणार.

बाकीचं पटपट सांगते. काचेच्या ग्लासात ओला टिपकागद आणि त्याला चिकटून वालाचे दाणे, उभा, आडवा, उलटा कसाही ठेवला तरी मूळ खालीच वळतं, हे मस्त जमलं, आणि उलटा ठेवलेला दाणा म्हणजे मुलांचा हिरो झाला होता. रंगपंचमीच्या आधी पळसाची फुलं उकळून रंग केला. आपल्या नाशिकला धुळवडीपेक्षा रंगपंचमीच मोठी आणि जुन्या नाशकातल्या रहाडी, म्हणजे रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरायचे जुने हौद, पोरांना माहीत असतात, त्यामुळे फुलातून रंग निघतो ह्यात त्यांना फार आश्चर्य वाटलं नाही, खरी धमाल आली ती हळदीत. कापडाला हळद लावली, त्यावर साबणाचं पाणी, लालभडक. प्रत्येक आईने धुण्यात हे पाहिलेलं असतं पण आपण वैतागून डाग घासतो आणि सोडून देतो. त्या लाल कापडावर मग लिंबू पिळलं की परत पिवळं. मुलांनी हे इतक्या वेळा केलं की लिंबं संपली.

नदीकाठच्या वाळूत लोहचुंबक फिरवला की काळे बारीक कण दाढीसारखे चिकटतात, तेही केलं. आपला सगळा दगड बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला काळा दगड, त्यात लोहाचं खनिज असतं, तो झिजून वाळूत येतो. चुंबक कागदात गुंडाळून फिरवायचा म्हणजे कण झटकता येतात, ही युक्ती घरी करणाऱ्यांसाठी.

आता न आवडलेलं. चौथ्या आठवड्यात पालकांना बोलावून "ज्वालामुखी" दाखवला, म्हणजे मातीचा डोंगर, आत खायचा सोडा, वरून रंगीत व्हिनेगर, फेस, टाळ्या. बाकीच्या सगळ्या कामापुढे हे फारच उथळ वाटलं. सोडा आणि आम्ल एकत्र आल्यावर कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे होतात, त्याचा ज्वालामुखीशी काय संबंध? आणि वाईट ह्याचं वाटलं की ज्या शहरात आपण खऱ्या लाव्ह्यावर राहतो, जवळजवळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्ह्याचे थर म्हणजेच आपला सह्याद्री, पांडवलेणी त्याच काळ्या दगडात कोरलीय, तिथे अंगणातलाच एखादा काळा दगड पोरांच्या हातात द्यायचा सोडून हा फेस. मी हे ताईंना बोलले, त्यांनी मान्य केलं, पालकांना काहीतरी दिसणारं हवं असतं म्हणाल्या. त्यांचंही खोटं नाही, त्या दिवशी सगळ्यात जास्त फोटो त्याचेच निघाले. पण आपण पालकांनीच ही मागणी थांबवली पाहिजे.

सहल नांदूरमध्यमेश्वरला होती, मार्चच्या शेवटी. रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलेली महाराष्ट्रातली पहिली जागा ती, जायलाच हवं, पण थंडीत. मार्च संपता संपता बहुतेक स्थलांतरित पक्षी परतलेले असतात आणि ऊनही कडक, पोरं बसमध्येच पेंगली. त्याऐवजी पांडवलेणीच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान सकाळी लवकर केलं तर जास्त बरं.

उन्हाचंही बघायला हवं, चौथ्या आठवड्यानंतर दहा वाजताच अंगण तापतं, वर्ग आठला सुरू करून साडेदहाला सोडला पाहिजे. गाडी लावायला जागा नाही, गल्लीच्या तोंडाशी लावून चालत या. कपडे जुने घाला, रोज चिखल.

फी जास्त आहे का असं बऱ्याच जणींनी विचारलं. साहित्यावर खर्च दिसत नाही हे खरं, सगळं बिया, शंख, काड्या, गारगोट्या. पण ही काटकसर नाही, जुनी आणि विचार करून घेतलेली वाट आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांबरोबर १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे काम उभं केलं त्यात महागडी साधनं बाजूला ठेवून आजूबाजूला मिळेल त्यातूनच शिकवलं होतं, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली होती. ह्या ताई मला वाटतं त्याच वाटेवर आहेत. पैसे जातात ते सोळा मुलांमागे दोन समजूतदार माणसं असण्याचे, आणि ते मला पटतात. तरी दोन-तीन जागा कमी फीच्या ठेवल्या तर बरं होईल, मावशींच्या नातीला ठेवलंय तसं.

माझे सासरे, आबा, दिंडोरीकडे द्राक्षबाग करतात. पाडव्याला गावी गेलो तेव्हा बागेच्या बांधावर लिंबाचं झाड आहे त्यावर पोरगी मन लावून काहीतरी शोधत होती. आबा म्हणाले, "काय गं, काय हरवलं?" ती म्हणाली, "आबा, इथे शी सारखी अळी आहे, तिला औषध मारू नका." आबांनी आयुष्यभर अळीवर फवारणीच केलीय, द्राक्षाला करावीच लागते, तेच पोट आहे आमचं. पण ते तिच्याबरोबर खाली वाकून बघत बसले, चष्मा पुसून परत बघितलं, आणि मला म्हणाले, "हे मी रोज पाहतो, पण पाहिलं नव्हतं." ते लिंबाचं झाड आता फवारणीतून वगळलंय.

पुढची बॅच पावसाळ्यात आहे, नाव नोंदवलंय. सध्या आमच्या गॅलरीतल्या कढीपत्त्यावर तीन अळ्या आहेत आणि चौथं अंडं काल सापडलं, त्यामुळे फोडणीचा कढीपत्ता भाजीवाल्या मावशींकडून आणतोय.