रूळ नसलेल्या रेल्वेमार्गावरून: स्पेनमधील ‘विया वेर्दे दे ला सिएरा’

रेल्वेगाडीला तीव्र चढ झेपत नाही, आणि अभियंत्यांची ही जुनी अडचण आज सायकलस्वाराच्या पथ्यावर पडली आहे. डोंगर आडवा आला की बोगदा खोदायचा, दरी लागली की पूल बांधायचा, पण चढण मर्यादेबाहेर जाऊ द्यायची नाही, या शिस्तीने आखलेले हजारो किलोमीटरचे मार्ग स्पेनमध्ये गाड्या बंद पडल्यावर ओस पडले होते. 1993 पासून त्यांतील अनेक मार्ग पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी खुले करण्याचे काम तेथे सुरू झाले. या वाटांना ‘वियास वेर्देस’ म्हणजे हिरव्या वाटा असे म्हणतात, आणि त्यांची एकूण लांबी आता 3,000 किलोमीटरहून अधिक आहे. त्यांपैकी दक्षिण स्पेनमधील आंदालुसिया या प्रदेशातील ‘विया वेर्दे दे ला सिएरा’ या वाटेवर मी आणि माझी पत्नी एप्रिल महिन्यात दोन दिवस सायकलने फिरलो. आम्ही दोघेही पन्नाशी ओलांडलेले आहोत, स्पर्धेसाठी सायकल चालवणारे नाही, आणि पुण्यातील रहदारीत सायकल चालवणे आम्ही बऱ्याच वर्षांपूर्वी भीतीपोटी सोडून दिले होते. अशा माणसांसाठी याहून चांगली वाट मला ठाऊक नाही.

कादिस प्रांतातील पुएर्तो सेर्रानो या गावापासून ओल्वेरापर्यंत ही वाट सुमारे 36 किलोमीटर जाते, आणि मधला कोरिपेचा भाग सेव्हिल प्रांतात येतो. हेरेस आणि आल्मार्हेन यांना जोडणाऱ्या रेल्वेसाठी 1920च्या दशकात हे काम हाती घेण्यात आले. बोगदे खोदले गेले, पूल उभे राहिले, स्थानकांच्या इमारतीही बांधून झाल्या, परंतु पुढे आर्थिक ओढाताण आणि यादवी युद्ध यांत सारे रेंगाळले आणि या टप्प्यावरून एकही गाडी कधी धावली नाही. ही गोष्ट मी प्रवासाआधी वाचली होती, तरी तिचे गांभीर्य तेथे गेल्यावरच कळले. पाहावे तिकडे दगड अगदी नीट बसवलेले आहेत, बोगद्यांची तोंडे कमानदार आणि देखणी आहेत, आणि ज्यांनी हे घाम गाळून उभे केले त्यांतील कोणालाही आपल्या कामावरून गाडी जाताना पाहायला मिळाली नाही.

वाटेत 30 बोगदे आणि चार मोठे पूल आहेत. बोगद्यांविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण या वाटेचा खरा आनंद आणि खरी जोखीम दोन्ही तेथेच आहेत. भर उन्हातून आत शिरल्यावर पहिले काही क्षण डोळ्यांना काहीही दिसत नाही, अंगावर एकदम गारवा येतो, छतातून पाण्याचे थेंब हेल्मेटवर टपटपतात, आणि चाकांखालच्या खडीचा आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होतो. सर्वांत लांब बोगदा एक किलोमीटरच्या जवळपास आहे. लांब बोगद्यांत दिव्यांची सोय आहे, पण तिच्यावर पूर्णपणे विसंबून राहू नये. आम्ही आत असताना एका बोगद्यातील दिवे मध्येच विझले, आणि माझ्या पत्नीच्या सायकलवरील पुण्याहून नेलेल्या बॅटरीमुळेच समोरून पायी येणारी दोन माणसे आम्हाला वेळेवर दिसली. म्हणून पुढचा पांढरा आणि मागचा लाल असे दोन्ही दिवे स्वतःचे न्यावेत, गॉगल बोगद्याच्या तोंडाशीच काढावा, आणि वेग निम्म्यावर आणावा.

ग्वादालेते आणि नंतर ग्वादालपोर्कून या नद्यांच्या खोऱ्यांतून वाट पुढे सरकते. सुरुवातीला शेते आणि ऑलिव्हच्या बागा लागतात, मग खोरे अरुंद होत जाते. कोरिपेच्या पुढे नदीकाठी ‘चापार्रो दे ला वेगा’ नावाचा एक महाकाय सदाहरित ओक उभा आहे, त्याला संरक्षित नैसर्गिक स्मारकाचा दर्जा आहे. त्याच्या फांद्यांचा विस्तार इतका मोठा आहे की आमच्याकडील गावच्या पारावरच्या वडाचीच आठवण व्हावी. तेथे अर्धा तास बसावे.

त्यानंतर येतो साफ्रामागोनचा कडा. ग्रिफॉन गिधाडांची मोठी वसाहत या कड्यावर असून तो भाग राखीव नैसर्गिक क्षेत्र आहे. तेथील जुन्या स्थानकात या पक्ष्यांविषयीचे माहिती केंद्र केलेले आहे. आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले असावेत. ऊन तापून हवा वर चढू लागली तशी गिधाडे एकेक करून कड्यावरून सुटू लागली, आणि पंख न हलवता गोल गोल फिरत वर जाऊ लागली. पंखांचा पसारा अडीच मीटरच्या आसपास असलेला हा पक्षी पुलावर उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेच्या पातळीवरून जातो, तेव्हा त्याची मान वळते, आणि तो आपल्याकडे पाहतो आहे हे स्पष्ट दिसते. पंखांच्या टोकांची पिसे हाताच्या बोटांसारखी पसरलेली आम्हाला मोजता येत होती. महाराष्ट्रात आमच्या लहानपणी गावाबाहेर दिसणारी गिधाडे आता पाहायला मिळत नाहीत. डायक्लोफेनॅक या जनावरांच्या औषधाने भारतातील गिधाडांचा जो संहार झाला तो ठाऊक असल्यामुळे त्या पुलावर आम्ही दोघेही बराच वेळ काही बोललो नाही. मोटारीच्या रस्त्यावर हे दिसले नसते असे नाही, पण तेथे थांबता आले नसते, आणि वाहनांच्या आवाजात पंखांची ती हलकी सळसळ ऐकू आली नसती.

रस्त्याच्या दर्जाबद्दल माझे मत चांगले आहे, मात्र निर्दोष म्हणता येणार नाही. पृष्ठभाग मुख्यतः दाबून बसवलेल्या मुरूम-खडीचा आहे आणि पावसानंतर काही ठिकाणी चर पडलेले आढळले, त्यामुळे अरुंद टायरची रेसिंग सायकल नेऊ नये. पुएर्तो सेर्रानोहून ओल्वेराकडे जाताना एकंदरीत चढ आहे, पण तो इतका सौम्य आहे की पायांना जाणवतो आणि दम मात्र लागत नाही. परतताना हाच चढ उतार होतो. ‘वाहनमुक्त’ हा शब्द येथे बहुतांशी खरा आहे, तरी शेतावर जाणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याची गाडी काही टप्प्यांत समोर येऊ शकते, आणि मेंढ्यांचा कळप आला तर थांबून त्याला आधी जाऊ द्यावे.

तक्रार आहे ती भाड्याच्या सायकलीबद्दल. ज्या दुकानातून आम्ही सायकली घेतल्या तेथील माणूस अगत्यशील होता, पण माझ्या सायकलीचे मागचे ब्रेकपॅड पार झिजलेले होते आणि हे मला तीन किलोमीटर गेल्यावर कळले. परत जाऊन सायकल बदलून घेण्यात सकाळचा एक तास वाया गेला. या मार्गावर बोगदे आणि उतार असल्याने ब्रेक, चेन आणि टायरमधील हवा या तीन गोष्टी दुकानाच्या दारातच तपासून घ्याव्यात, संकोच करू नये.

दुसरी अडचण पोहोचण्याची आहे. सेव्हिलहून बस मिळते, पण फेऱ्या मोजक्याच आहेत आणि बसमध्ये सायकल घेतील याची खात्री नसते. एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन टॅक्सीने परतणारे बरेच लोक असतात. आम्ही मात्र ओल्वेरात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने परत आलो, आणि मी हाच पर्याय सुचवेन. जाताना पाठीमागे राहिलेली दृश्ये येताना समोर येतात, आणि टॅक्सीचा खर्चही वाचतो. मार्गावरील काही जुन्या स्थानकांत राहण्याची व जेवणाची सोय केलेली आहे, मात्र ती चालू आहे की नाही याची निघण्याआधी फोन करून खात्री करावी, कारण मधल्या टप्प्यात दुसरे दुकान नाही. प्रत्येकी दोन लिटर पाणी सोबत असावे. जुलै-ऑगस्टमध्ये या भागातील ऊन भाजून काढते, तेव्हा एप्रिल, मे किंवा ऑक्टोबर निवडावा.

शाकाहारी माणसाचे येथे उपाशी राहण्याचे कारण नाही, पण विचारून खावे लागते. थंडगार टोमॅटोचे दाट सूप, म्हणजे साल्मोरेखो, शाकाहारी वाटते, परंतु त्यावर उकडलेले अंडे आणि हॅमचे तुकडे घालूनच ते आणतात. ‘सिन हामोन, सिन उएवो’, म्हणजे हॅमशिवाय, अंड्याशिवाय, एवढे दोन शब्दप्रयोग पाठ केल्यावर आमचे काम भागले. सकाळी भाजलेल्या पावावर किसलेला टोमॅटो, मीठ आणि भरपूर ऑलिव्ह तेल घालून देतात. त्या तेलाला कच्च्या बदामासारखा किंचित कडवटपणा आणि घशाशी तिखट झणका असतो, आणि तो याच डोंगरांतील ऑलिव्हचा आहे.

ज्यांच्याकडे अधिक दिवस आहेत त्यांनी हाएनपासून पुएन्ते हेनिलपर्यंतची 128 किलोमीटरची ‘विया वेर्दे देल आसेइते’ पाहावी. पूर्वी तेथून ऑलिव्ह तेल वाहून नेणारी रेल्वे धावत असे, आणि तिचे लोखंडी पूल आजही भक्कम आहेत. लांब पल्ल्याच्या दृष्टीने ती वाट सरस आहे, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने सिएराचीच निवड करावी, असे मी आग्रहाने म्हणेन.

ओल्वेरा स्थानक गावाच्या खाली आहे, त्यामुळे दिवसातला एकमेव खडा चढ शेवटी येतो. आम्ही सायकली हातांनी ढकलत, पांढऱ्या घरांमधल्या अरुंद गल्लीतून किल्ल्याच्या दिशेने वर गेलो. वर पोहोचेपर्यंत संध्याकाळचे ऊन किल्ल्याच्या भिंतीवरून चर्चच्या मनोऱ्यांवर सरकले होते, आणि खाली ऑलिव्हच्या ओळींमधून आमची वाट सरळ, कुठेही घाई न करता, दिसेनाशी होत होती.