डोंगरातल्या तळ्यावर एक दिवस : ड्राय फ्लाय की निम्फ?

ट्राउट मासा गळाने पकडायचा तर मला विचाराल तर ड्राय फ्लायची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या किड्यासारख्या नकली आमिषाची, मजाच वेगळी, पाणी आरशासारखं शांत असतं, ट्राउट कुठेतरी टुपकन वर येतो, गोल तरंग उठतात आणि तुम्ही त्याच्या वाटेवर दोन-तीन फूट पुढे फ्लाय टाकून श्वास रोखून बसता. तळ्यात नदीसारखा प्रवाह नसतो ना, त्यामुळे खाणं माशाकडे वाहत येत नाही, मासाच फिरत राहतो, म्हणून तरंगाच्या मधोमध टाकून उपयोग नाही, तो तिथून गेलेला असतो. आणि त्याने फ्लाय घेतली की लगेच झटका देऊ नका, तोंड मिटू द्या आधी!

पण खरं सांगायचं तर ट्राउट बहुतेक वेळा पाण्याखालीच खातो, त्यामुळे मासे हवे असतील तर निम्फच, म्हणजे पाण्यात बुडणारं, किड्याच्या अळीसारखं नकली आमिष. उथळ पाणी संपून एकदम खोल होतं तिथे टाकायचा, मनात आकडे मोजत बुडू द्यायचा, दहापर्यंत, मग पंधरा, मग वीस, ज्या आकड्याला ओढ लागली ती खोली पक्की. दोर मात्र एकदम हळू ओढायचा, घाईच नडते बऱ्याच जणांना.

वारा सुटला की पृष्ठभाग हलतो, छोटा ड्राय दिसतच नाही, तेव्हा मी सरळ निम्फ बांधते. सकाळ-संध्याकाळ ड्राय. आणि पाणी २० अंशांच्या वर गेलं तर दोन्ही नको, दमलेला ट्राउट सोडला तरी मरू शकतो.