'वितळतात हो काका, नवीन पानं येतील'

गेल्या दिवाळीत हॉलमध्ये पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी माशांची टाकी बसवली. काठोकाठ भरली तर साडेपाचशे लिटर पाणी. एवढ्या टाकीत प्लॅस्टिकची झाडं म्हणजे मांडवातली खोटी फुलं, म्हणून जिवंतच घ्यायची ठरवली आणि पुण्यातल्या एका दुकानात गेलो. नाव लिहीत नाही. तोच माल नंतर मी आणखी तीन दुकानांत पाहिला.

झाडं काचेच्या टाकीत, पाण्याखाली, दिव्याच्या उजेडात छान डोलत होती. पाण्यात आहेत म्हणजे पाण्यातलीच, असा सरळ हिशोब मी केला. जांभळट, सुरकुतलेल्या पानांचं एक, पांढऱ्या काठाच्या पानांचं उभट एक, शिवाय गर्द हिरव्या गवताचे झुबके. "काका, मोठा टँक भरगच्चच पाहिजे," मालक म्हणाला. चाळीस झाडं, 120 रुपयांना एक, म्हणजे 4,800. बिलावर नुसतं 'प्लांट्स'. झाडांची नावं मी विचारली नाहीत आणि त्याने सांगितली नाहीत.

महिनाभर सगळं झकास. घरच्या ग्रुपवर फोटो टाकून झाले. पाचव्या आठवड्यात जांभळ्या पानांच्या कडा काचेसारख्या पारदर्शक व्हायला लागल्या, मग तपकिरी. दुकानात गेलो तर मालक हसून म्हणाला, "वितळतात हो काका, नवीन पानं येतील. हे खत टाका." बाटली 650 रुपयांची.

मला राग येतो तो या वाक्याचा, कारण ते अर्धं खरं आहे. पाणवनस्पती विकणारे बरेच जण त्या पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. तशा लवकर वाढतात. मग टाकीत लावल्या की हवेतली जुनी पानं गळतात आणि पाण्याखालची नवी येतात. क्रिप्टोकोरिन नावाची पाणवनस्पती तर याबाबतीत फारच नखरेल, जागा बदलली तरी सगळी पानं टाकून देते. पण तिची मुळं टणक राहतात आणि दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतो. माझ्या झाडांची मुळं बोटांत धरली तर लिबलिबीत आणि घाण वास. कोंब नाहीच. मी मात्र 'येतील, येतील' म्हणत बसलो आणि वर इमानेइतबारे खत ओतत राहिलो. सडक्या पानांनी पाण्यात अमोनिया वाढला, मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. सात टेट्रा आणि एक एंजल गेला.

भांडं फुटलं ते उरुळी कांचनच्या नर्सरीत. आत्याला तुळस आणि मोगरा हवा होता, मी ड्रायव्हर. आत्या एका कुंडीपाशी थांबली. "अरे, हे तुझ्या माशांच्या टाकीतलं ना?" तेच जांभळं पान. हेमिग्राफिस, सावलीत लावायचं बागेतलं झाड, तीस रुपये. पलीकडे मोंडो ग्रास, जे बागेच्या वाफ्यांना कडेने लावतात. पांढऱ्या काठाचा निघाला लकी बांबूच्या घरातला ड्रॅसिना. माझ्या चाळीसातलं एकही झाड पाण्याखाली राहणारं नव्हतं. महिना-दोन महिने ती मरत मरत हिरवी दिसतात, आणि धंदा नेमका त्या मुदतीवर चालतो.

परत दुकानात गेलो. मालक म्हणाला, "महिनाभर जगली ना?" बिलावर 'प्लांट्स' लिहिलेलं. भांडणार कशावर?

आता मी दुकानात गेलो की आधी नाव विचारतो, नुसतं 'ॲमेझॉन नदीतलं आहे' हे चालत नाही. नाव कळलं की तिथेच उभं राहून फोनवर बघतो. मग झाड पाण्याबाहेर धरायला सांगतो. खरोखर पाण्याखाली वाढलेलं वॅलिस्नेरिया किंवा शाळेत फनेलखाली बुडबुडे सोडणारं हायड्रिला बाहेर काढलं की ओल्या केसांसारखं लोंबतं. अर्थात अनुबियास पाणवनस्पती असूनही ताठ उभं राहतं, त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नका. पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, मेणचट पानं दिसली तर मात्र दोनदा विचारा. आणि टाकीच्या तळावर हिरवा गालिचा व्हावा म्हणून ऑनलाइन 'कार्पेट ग्रासच्या बिया' घेऊच नका. भाच्याने घेतल्या होत्या. ओल्या मातीवर आठ दिवसांत गालिचा, पाणी भरल्यावर काही आठवड्यांत त्याची पेज.

माझ्या टाकीत आता मागे वॅलिस्नेरिया आहे, ते स्वतःच धुमारे सोडून पसरतं. लाकडाला दोऱ्याने बांधलेलं जावा फर्न आणि अनुबियास. त्यांचं आडवं खोड रेतीत पुरलं तर कुजतं. दोन फूट खोल पाण्यात माझा साधा दिवा तळापर्यंत नीट पोचत नाही, म्हणून गालिच्याची हौस सोडून दिली.

जुन्यातले तीन ड्रॅसिना तेवढे वाचले. ते काठाला असे अडकवलेत की मुळं पाण्यात आणि पानं बाहेर. परवा एकाला नवा शेंडा फुटला.