विद्यापीठाची ऑनलाइन पदभरती सेवा: जाहिरात उत्तम, अर्जानंतर मात्र मौन

राज्यातील एका मोठ्या सार्वजनिक विद्यापीठाच्या ऑनलाइन भरती सेवेतून मी अलीकडेच सहायक प्राध्यापक आणि सहायक कुलसचिव या दोन पदांसाठी अर्ज केले. त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे.

सेवेची सर्वांत जमेची बाजू म्हणजे तिची जाहिरात. विषयनिहाय आणि प्रवर्गनिहाय पदसंख्या, बिंदुनामावलीनुसार (कोणते पद कोणत्या प्रवर्गाला, हे ठरवणाऱ्या क्रमतक्त्यानुसार) आलेले आरक्षण, महिला, दिव्यांग आदींसाठीचे समांतर आरक्षण आणि वेतनस्तर हे सारे एकाच दस्तऐवजात स्पष्ट दिलेले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतील गुणतक्ताही सोबत जोडलेला असल्यामुळे, शुल्क भरण्यापूर्वीच मुलाखतीच्या यादीत येण्याइतके गुण आपल्याकडे आहेत का, याचा अंदाज उमेदवाराला बांधता येतो. पीएच.डी.ला ३० गुण, नेटला (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) ५, सेटला (राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) ३, तर शोधनिबंधांना प्रत्येकी २ याप्रमाणे कमाल १०. (महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा उत्तीर्ण होऊन या राज्यांतील पदांसाठी जी पात्रता मिळते, तीच नेटने मिळत असताना गुणांत हा फरक का, हा प्रश्न आयोगाला विचारायचा, विद्यापीठाचा त्यात दोष नाही.) मात्र १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. ऐच्छिक झाली असताना, याच संकेतस्थळावरील नेहमीच्या प्रश्नांच्या पानावर ती अनिवार्य असल्याचे अजूनही लिहिलेले आहे. जाहिरात न वाचता केवळ ते पान पाहणारा नेट-सेटधारक अर्जच करणार नाही.

अर्जाचा नमुना दोन्ही पदांसाठी जवळपास एकच ठेवला आहे आणि तिथे प्रशासकीय उमेदवाराची अडचण होते. कार्यालयीन अनुभव नोंदवण्याच्या रकान्यात 'अध्यापनाचा विषय' भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. मी तिथे 'लागू नाही' असे लिहिले आणि ते स्वीकारले गेले. शोधनिबंधांचा विभाग मात्र विचारपूर्वक केलेला आहे: नियतकालिक, त्याचा आयएसएसएन (आंतरराष्ट्रीय ओळख) क्रमांक आणि लेखकांमधील आपला क्रम यांसाठी स्वतंत्र रकाने असून प्रत्येक नोंदीचा पुरावा तिथेच जोडता येतो.

एवढे सारे ऑनलाइन भरून झाल्यावर त्याच अर्जाची छापील प्रत, स्वसाक्षांकित कागदपत्रांसह, अनेक संचांमध्ये आस्थापना विभागाकडे मुदतीत पोहोचवावी लागते. पुरावे संगणकावर चढवून घेतल्यानंतर हा कागदांचा भारा कशासाठी, याचे उत्तर जाहिरातीत सापडत नाही.

खरी नाराजी त्यापुढची आहे. संच पोहोचल्यापासून माझ्या खात्यात 'अर्ज प्राप्त' एवढीच नोंद दिसते. छाननी कधी होणार, तक्त्यानुसार आपल्याला किती गुण धरले गेले, अपात्र ठरल्यास हरकत कोणत्या मुदतीत घ्यायची, यांपैकी काहीच तिथे कळत नाही. मुदतवाढीचे शुद्धिपत्रकही ईमेलने आले नाही. ते सूचनांच्या लांबलचक यादीत शोधावे लागले. केंद्रीय विद्यापीठांतील अध्यापकपदांसाठी आयोगाने २०२३ मध्ये 'सीयू-चयन' हे एकत्रित संकेतस्थळ सुरू केले. राज्यातील विद्यापीठांतील पदांसाठीही तसा एकच दरवाजा असता, तर निदान प्रत्येक सूचनाफलक वेगळा चाळण्याचा त्रास वाचला असता.

तरीही पात्रता असेल तर अर्ज जरूर करावा. सध्या नोकरीत असलेल्यांनी ना हरकत प्रमाणपत्राची मागणी जाहिरात हाती पडताच करावी, कारण ऑनलाइन अर्जाची मुदत वाढली तरी छापील संचाची अंतिम तारीख वेगळी असते आणि ती जाहिरातीच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत दिलेली आहे.