बोलत बोलत ब्लिट्झ: मालवणातून दहा महिन्यांचा अनुभव

जून २०२५ मध्ये सुरू केलं, आता मार्च संपत आलाय. वापरलं काय, तर लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर ब्लिट्झ (म्हणजे काही मिनिटांत संपणारे झटपट डाव), स्क्रीन थेट दाखवणारं ओबीएस नावाचं मोफत सॉफ्टवेअर, यूट्यूब लाइव्ह आणि घरातला सहा वर्षं जुना लॅपटॉप. विकत फक्त दोनच गोष्टी घेतल्या: साडेसहाशेचा कॉलर माइक आणि एकशेऐंशी रुपयांची लॅन केबल. "खेळता खेळता स्ट्रीम केलं तर खेळ सुधारतो का" असं बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं मालवणात तीन खोल्यांचं होमस्टे आहे. मे संपत आला की सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद होतात, वॉटर स्पोर्ट्स बंद होतात, पर्यटक पाठ फिरवतात. ऑगस्ट संपेपर्यंत रात्री नऊनंतर मी मोकळी. बुद्धिबळ बाबांनी शिकवलं, सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेल्या लाकडी पटावर. ते देशी पद्धतीनं खेळायचे. प्यादं पहिल्या चालीतही एकच घर पुढे, आणि किल्लेकोट (एकाच चालीत राजा आणि हत्ती दोघांना हलवणं) नाही, त्याऐवजी शह बसायच्या आत राजाला एकदा घोड्याची चाल. ऑनलाइन आल्यावर सुरुवातीला मला दोन घरं पुढे येणाऱ्या प्याद्याचीच भीती वाटायची!

लिचेसबद्दल थोडक्यात. तिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरनं २०१० मध्ये सुरू केलेली साइट, देणग्यांवर चालते, जाहिरात एकही नाही, डावाचं संगणकी विश्लेषणही फुकट. रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, १५०० पासून सुरू होतं आणि मग तुमची खरी जागा दाखवतं. माझी जागा निघाली १३८८. इथलं रेटिंग आणि चेस डॉट कॉम या दुसऱ्या साइटवरचं रेटिंग यांची तुलना करू नका, लिचेसचा आकडा सहसा फुगलेला असतो. माझ्या भाच्यानं ती केली आणि महिनाभर मला मास्टर समजत होता.

पहिला आठवडा यंत्राशी भांडण्यात गेला. यूट्यूबवर पहिल्यांदा लाइव्ह करायचं तर फोन नंबर पडताळून चोवीस तास थांबावं लागतं, हे मला ऐन मुहूर्ताला कळलं. मग लॅपटॉप. ओबीएसनं व्हिडिओचं सगळं ओझं प्रोसेसरवर टाकलं होतं. पंखा गरगरतोय, माउस अडखळतोय, आणि वजीर डी४ या घरावर ठेवायला गेले तर पडला डी५ वर, प्याद्याच्या तोंडात. वजीर फुकट. चॅटमध्ये लगेच, "वयनी, वजीर खंय गेलो?"

उपाय सोपे होते, पण कुणी सांगितले नव्हते. ओबीएसच्या आउटपुटमध्ये एन्कोडर (व्हिडिओ दाबून पाठवण्याजोगा करणारा भाग) बदलून क्विकसिंक केला, म्हणजे ते काम इंटेलच्या ग्राफिक्सकडे गेलं. चित्र ७२० वर आणलं, सेकंदाला ३० फ्रेम. बुद्धिबळाच्या पटाला याहून जास्त लागत नाही, तिथे काय क्रिकेटचा चेंडू पळतोय? वायफाय सोडून केबल लावली. आणि सोंगटी ओढून नेण्याऐवजी आधी सोंगटीवर, मग घरावर असं क्लिक करायला लागले. यानंतर हात घसरून गेलेले डाव जवळजवळ संपले. एक खड्डा मात्र राहिलाच होता. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की आपोआप वजीर होण्याची सोय मी चालू ठेवली होती. जुलैत एका डावात तसा वजीर झाला आणि समोरच्या राजाला शह नाही, पण हलायला घरही उरलं नाही. जिंकलेला डाव बरोबरीत! हत्ती केला असता तर पुढच्या दोन चालींत मात होती. सोय अजून चालूच आहे, कारण घाईत ती लागते. पण आता प्यादं सरकवण्याआधी समोरच्या राजाची घरं मोजते.

आता मुख्य गोष्ट, बोलणं. सुरुवातीला मी तीन मिनिटांचे, चालीमागे एकही सेकंद न मिळणारे डाव खेळायचे, रोज दोन तास. सहा आठवड्यांत रेटिंग १३८८ वरून १२९४ वर आलं. कारण उघड होतं. बोलायला वेळ लागतो. "इथे उंट बांधला गेलाय, म्हणून मी..." एवढं म्हणेपर्यंत पाच सेकंद गेलेली असतात. चॅटमधल्या एखाद्या "ताई, जेवलात काय?" ला उत्तर दिलं की अजून चार. डावात माझ्या घड्याळावर एकूण १८० सेकंद, त्यातली तीसेक गप्पांत. शेवटी हत्ती जास्त असूनही वेळेवर हरायचे.

आमच्याकडे उतरलेल्या एका प्राध्यापकांनी सांगितलं की द ग्रूत नावाच्या डच मानसशास्त्रज्ञानं १९४६ च्या प्रबंधात बुद्धिबळपटूंना मोठ्यानं विचार करायला लावून अभ्यास केला होता. मोठे खेळाडू फार खोलवर मोजतात असं नाही, पण चांगली चाल त्यांना लवकर दिसते, असं त्यातून निघालं. मला बोलण्यातून नेमकं उलटं दिसलं: मला काय दिसत नाही ते. मी प्रत्येक चालीला "मी आता" असं म्हणायचे, "तो आता काय करणार" हे शब्द तोंडातून येतच नव्हते. हे माझ्याआधी डोंबिवलीच्या एका नेहमीच्या काकांच्या लक्षात आलं. त्यांनी चॅटमध्ये एका संध्याकाळचा हिशोब दिला: "मी" चव्वेचाळीस वेळा, "तो" तीन वेळा.

दशावतार बघणाऱ्यांना हे पटकन कळेल. तिथे संवाद लिहिलेला नसतो, समोरचा काय बोलला ते ऐकूनच उत्तर रचावं लागतं. नुसतं आपलंच पाठ केलेलं म्हणत राहिला तर संकासुराचं काम करणारासुद्धा पडतो.

पण प्रेक्षकांना काय आवडतं? माझी घाई. माझ्या सगळ्यात जास्त बघितलेल्या व्हिडिओंमध्ये मी पांढऱ्याकडून घोडा जी५ वर नेते, एफ७ वर नजर ठेवून. समोरचा डी५ खेळतो, मी प्यादं मारते, तो घोड्यानं ते परत मारतो, आणि मग माझा घोडा एफ७ वर राजाच्या पायाशी प्राण देतो. या हल्ल्याचं नाव फ्राइड लिव्हर, म्हणजे तळलेली कलेजी. मालवणी चॅटमध्ये त्याचं काय झालं असेल ते सांगायला नको. रोज कुणीतरी विचारणारच, "वयनी, आज कलेजी नाय?" १४०० च्या आसपास दर तिसऱ्या डावात हा सापळा लागतो. पण वर गेलं की समोरचा डी५ वरचं प्यादं मारतच नाही, घोडा ए५ वर नेऊन तुमच्या उंटाला हाकलतो. मग एक प्यादं जास्त असूनही तुम्ही पळत सुटता. कलेजीनं मला वाहवा मिळवून दिली आणि तीन महिने त्याच पायरीवर बसवून ठेवलं.

गणपतीत तर गंमतच झाली. २७ ऑगस्टला गणपती बसले, चाकरमानी गावात आले, आणि जे एरवी भांडुप, दिव्याहून बघायचे ते माझ्या ओटीवर येऊन बसले. एका रात्री ६१ जण लाइव्ह बघत होते, त्यातले आठ जण माझ्याच घरात, मोबाइलवर. आवाज तिकडून वीस सेकंद उशिरा येतोय, इकडे मी दुसऱ्याच चालीवर, आणि मागून सासूबाई, "गो, आरतीक ये." त्या रात्री मी सलग सात डाव हरले. तेवढी मजा मात्र परत कधी आली नाही.

ती वीस सेकंदं पुढे फार कामाला आली. आधी मी यूट्यूबचा सगळ्यात कमी उशिराचा पर्याय ठेवला होता, चॅटशी लगेच बोलता यावं म्हणून. त्याचे दोन तोटे. एक, समोरचा खेळाडूच स्ट्रीम उघडून बसला तर? माझ्या बाबतीत हे दोनदा झालं. मी मोठ्यानं म्हणते "आता घोडा ई५", आणि तो आधीच ते घर बंद करतो. दुसरा जास्त गंभीर. चॅटमधून चाली यायला लागतात. "हत्ती घ्या!" "वयनी, घोडो मारतलो तो!" प्रेमानं सांगतात, पण डाव चालू असताना दुसऱ्याची मदत घेणं नियमाबाहेर आहे, खातं बंद होऊ शकतं. कितीदा सांगितलं तरी राहवत नाही लोकांना. शेवटी उशीर नेहमीचाच ठेवला. आता सल्ला पोचतो तेव्हा माझ्या चारपाच चाली पुढे गेलेल्या असतात.

ऑक्टोबरमध्ये सीझन सुरू झाला आणि वेळच उरला नाही. रोजच्या दोन तासांऐवजी आठवड्यात तीन रात्री, पाऊण तास. नाइलाजानं नियम केला: एका रात्री चारच डाव, तेही तीन मिनिटं अधिक चालीमागे दोन सेकंद अशा वेळेचे. जागतिक ब्लिट्झ स्पर्धेत हीच वेळ असते. आणि प्रत्येक डावानंतर, हरो वा जिंको, पुढचा डाव लावण्याआधी तो प्रेक्षकांसमोर उलगडायचा. आधी संगणक बंद ठेवून, "कुठे चुकलं" हे मी सांगायचं. मग इंजिन, म्हणजे डाव तपासणारा प्रोग्राम, लावायचं. माझं उत्तर आणि इंजिनचं उत्तर पहिल्या महिन्यात क्वचितच जुळायचं. मला वाटायचं शेवटच्या चुकीनं हरले, इंजिन दाखवायचं की डाव तेराव्या चालीलाच गेला होता.

खेळ सुधारला तो इथे. एकटी असताना हरले की मी रागानं पुढचा डाव लावायचे. आठ माणसं "दाखवा ना" म्हणत बसलेली असली की तसं उठून जाता येत नाही. स्ट्रीमचा माझ्या लेखी खरा उपयोग एवढाच. नोव्हेंबरअखेर १४५०, जानेवारीत १५६०, आज सकाळी १६१२. प्रेक्षक मात्र सरासरी वीसवरून आठवर आले. कलेजीवाले गेले.

जानेवारीतला एक डाव सांगते, कारण तो मी अजून मधूनमधून लावून बघते. समोरचा सतराशेच्या पुढचा. उरलं काय, तर त्याचा राजा, हत्ती आणि ई५ वर प्यादं, माझा राजा ई८ वर आणि एक हत्ती. घड्याळात नऊ सेकंदं. पूर्वीची मी असते तर शहावर शह देत सुटले असते. पण आदल्याच आठवड्यात फिलिडोर या अठराव्या शतकातल्या फ्रेंच खेळाडूची पद्धत स्ट्रीमवरच गिरवली होती: हत्ती सहाव्या रांगेत ठेवून गप्प बसायचं, त्याच्या राजाला पुढे येऊ द्यायचं नाही. हत्ती ए६, बी६, परत ए६, परत बी६. प्रत्येक चालीला दोन सेकंदं परत मिळतात, त्यामुळे घड्याळ नऊवरून बारावर गेलं! मी तोंडानं फक्त "थांब, थांब, थांब" म्हणत होते. शेवटी वैतागून त्यानं प्यादं ई६ वर ढकललं. त्या क्षणी हत्ती थेट खाली बी१ वर. आता त्याच्या राजाला लपायला प्यादंच नाही, मागून शह, शह, शह. त्यानं बरोबरी देऊ केली. मी उठून स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आले, माइक चालूच होता, सगळ्यांना घटाघटा ऐकू गेलं.

लाइटबद्दल. जून-जुलैत बारा वेळा डाव चालू असताना लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, राउटर जातो. राउटरला छोटा यूपीएस लावला तरी खांबावरचं नेटचं यंत्रच बंद पडलं तर तुम्ही काय करणार? घड्याळ पळत राहतं आणि डाव वेळेवर जातो. अशा वेळी मला ३० ऑगस्ट २०२० चा बुद्धिबळाच्या ऑनलाइन ऑलिंपियाडचा अंतिम सामना आठवतो. नेट तुटलं म्हणून निहाल सरीन आणि दिव्या देशमुखचे डाव वेळेवर गेले, भारतानं दाद मागितली, आणि शेवटी भारत आणि रशिया दोघांनाही सुवर्ण मिळालं. मी दाद कुठे मागणार? तीच नागपूरची दिव्या २८ जुलै २०२५ ला जॉर्जियातल्या बातुमीत जलद टायब्रेकमध्ये (बरोबरी तोडणाऱ्या कमी वेळेच्या डावांत) कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली. त्या रात्री मी एकही डाव खेळले नाही, तिचेच डाव चॅटबरोबर पुढे-मागे करत बसलो.

माइकबद्दल एक. पत्र्यावरचा पाऊस ओबीएसच्या आवाज-गाळणीनं बराचसा जातो, पण माझा आवाजही बादलीतून आल्यासारखा होतो. खिडकीकडे पाठ करून बसले, मागे गोधडी टांगली, त्यानं जास्त फरक पडला.

कमाईसाठी कुणी हे करणार असेल तर नको. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला यूट्यूबवर हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं जाणं लागतं. माझे सदस्य ३१२. हजार करायचे तर परत रोज कलेजी तळावी लागेल. आणि ज्यांना बोलताना लाज वाटते त्यांनी आधी महिनाभर स्ट्रीम न करता नुसतं रेकॉर्डिंग करून स्वतःचं ऐकावं. मी ते केलं नाही, त्यामुळे जून महिन्यातला माझा आवाज अजून सगळ्यांना ऐकायला मिळतो.

मे महिन्यात खोल्या भरलेल्या असतात, तेव्हा स्ट्रीम बंद. पाहुण्यांपैकी कुणी खेळणारं निघालं तर ओटीवर बाबांचा पट मांडलेला आहे, घड्याळाशिवाय. जूनमध्ये पहिल्या पावसात लाइट किती वेळा जाते ते बघून इन्व्हर्टरची बॅटरी बदलायची की नाही ते ठरवेन.