मँचेस्टरची तृतीयांश पद्धत आणि बर्मिंगहॅमची एकत्रित निवडणूक

इंग्लंडमधील मँचेस्टरच्या नगर परिषदेत 32 प्रभाग आणि 96 सदस्य आहेत. प्रभागातील तिघांची मुदत सर्वसाधारणपणे एकाच वेळी संपत नाही; दरवेळी एक तृतीयांश जागांसाठीच निवडणूक होते, त्यामुळे चारपैकी तीन वर्षे मे महिन्यातल्या गुरुवारी मतदार केंद्रावर जाऊन दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारतो. बर्मिंगहॅमचाही पूर्वी हाच शिरस्ता होता. परंतु सततच्या निवडणुकांमुळे दूरगामी निर्णय रखडतात, असा सूर शहराच्या कारभाराची तपासणी करणारे सनदी अधिकारी बॉब कर्स्लेक यांच्या 2014 च्या अहवालाने लावला आणि 2018 पासून तेथे 69 प्रभागांतील सर्व 101 जागांसाठी चार वर्षांतून एकदाच मतदान होऊ लागले.

खरा फरक पोटनिवडणुकीत दिसतो. जागा रिकामी झाल्यावर दोन मतदारांनी लेखी मागणी केली, की 35 कामकाजी दिवसांत मतदान घ्यावे लागते. मँचेस्टरमध्ये ही पोटनिवडणूक कित्येकदा नियमित मतदानाबरोबरच उरकता येते. तेव्हा मतदाराला दोन मते असतात, पहिले दोघे निवडून येतात आणि दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला उरलेली, तोकडी मुदत मिळते. बर्मिंगहॅममध्ये अशी सोय क्वचितच असल्याने एका प्रभागासाठी सगळा खटाटोप स्वतंत्रपणे करावा लागतो. शिवाय तेथील अनेक प्रभागांत एकच सदस्य असल्यामुळे, तो गेला की निकाल लागेपर्यंत गाऱ्हाणे ऐकायला प्रभागाचा कोणीच उरत नाही.

खर्चाच्या हिशेबात बर्मिंगहॅमची पद्धत सरस ठरते, हे मान्य; तरीही नाराजी बहुतेकदा वर्षभरात मतपेटीत उतरवण्याची मँचेस्टरकरांची मुभा मला अधिक मोलाची वाटते. वैध वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकांनाही दोन्ही शहरांत हे मत देता येते.